पाच गावांचा पेवकरी

जागोबा मूठभर ज्वारी नाकाशी न्यायचा आणि ती कोणत्या गावच्या वावरातली ते सांगायचा. ही थाप नाही. वडाळीच्या बाजारात मी स्वतः त्याची परीक्षा घेतली होती. पाच पुरचुंड्या बांधून नेल्या आणि त्याला फसवायचं म्हणून एका गावची ज्वारी दोनदा बांधली. त्यानं डोळे मिटून एकेक हुंगली, चार गावांची नावं बिनचूक घेतली आणि पाचवी पुरचुंडी माझ्या अंगावर फेकून म्हणाला, "हे तं तुह्याच वावरातली हाये, नदीकाठची. पह्यलीबी हेच होती. बुढ्याले बनवून राहिला का बे?" सारा बाजार हसला, मीही हसलो. तेव्हा मी तिशीच्या आतबाहेर होतो आणि कशालाही हसायचो.

जागोबा पेवकरी होता, जमिनीखालचं दाण्याचं कोठार राखणारा. एका गावचा नाही, पाच गावांचा. अकोट आणि अमरावतीच्या मधल्या पट्ट्यात, पूर्णेच्या काठानं आमची पाच गावं आहेत. आमच्या आज्यांच्या काळी पेंढारी यायचे, घरातले दाणे लुटायचे आणि कुटाराला आग लावून जायचे. मोगलाईतला कोणी अंमलदार धावून यायचा नाही. तेव्हा पाच गावांच्या म्हाताऱ्यांनी एकी केली. वडाळीच्या उंच पांढरीत, म्हणजे कोरड्या पांढऱ्या मातीत, एक भलं मोठं पेव खणलं. प्रत्येक गावानं तिसरा हिस्सा रान ज्वारीखाली ठेवायचं, पिकलं की ठरलेला वाटा त्या पेवात घालायचा, आणि दुष्काळ पडला तर गाव न पाहता घरटी माणसं पाहून वाटायचा. बाजार एक, भांडणं मिटवणारे पंच एक, ढोरांचं चराऊ रानही एकच. प्रत्येक गावच्या म्हाताऱ्यानं त्या पेवाच्या तोंडाशी मूठभर ज्वारी टाकली आणि एकी झाली. लिहिलेलं काही नव्हतं, पण दोन पिढ्या कोणी मोडलं नाही.

त्या पेवाचा कारभार जागोबाकडे होता. पेव म्हणजे पोटात रुंद आणि तोंडाशी माणूस जेमतेम शिरेल असं. तोंडावर दगडाची फाडी ठेवून चिखलानं लिंपलेलं. उघडलं की लगेच आत उतरणारा माणूस जिवंत वर येत नाही, आतली हवा त्याला घेते. जागोबा फाडी काढून एक दिवस नुसता शेजारी बसून राहायचा. मग दोरीला दिवा बांधून सोडायचा. दिवा विझला तर आणखी एक दिवस. लोक कितीही घाई करोत, भुकेची पोरं रडोत, हा आपला बसलेला. "पेवाले आंधी दम घेऊ द्या," म्हणायचा. तीस वर्षांत त्याच्या हाताखाली एक माणूस मेला नाही, एक पायली दाणा सडला नाही.

राहायला मात्र तो आमच्या गावचा. बायको केव्हाच वारलेली, एकुलती लेक कौतिका वडाळीला दिलेली. त्याच्या घरात कणगी नव्हती. आठ दिवसांचे दाणे मडक्यात, बस्स. माझी आई त्याला म्हणायची, जागोबाजी, पाच गावांचा दाणा राखता आणि तुमच्या घरात उंदीरही उपाशी मरतो. तर तो म्हणायचा, "माही कणगी वडाळीले हाये नं." हे तो ऐटीत सांगायचा, जणू कोणी मोठा मालगुजार.

मग कुठे तरी सातासमुद्रापलीकडे लढाई लागली आणि आमच्या कापसाला सोन्याचा भाव आला. अमरावतीच्या बाजारात व्यापारी बंडी आत शिरायच्या आधीच रस्त्यात आडवे येऊन बैलाची वेसण धरायचे. ज्यांनी आयुष्यात कोरी पगडी बांधली नव्हती त्यांनी बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या चढवल्या. मीही चढवल्या. कशाला खोटं बोलू? अमरावतीहून परत येताना मी बंडीत उभा राहून गाणं म्हणायचो आणि दोन्हीकडचं रान पाहत यायचो. आमच्या गावचं रान नदीकाठचं, काळंभोर, पाचही गावांत उजवं. आणि त्याचा तिसरा हिस्सा ज्वारीखाली अडकून पडलेला.

तो शब्द पहिल्यांदा माझ्या तोंडून निघाला. आमच्या चावडीसमोर, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, भर सकाळी, पंधरावीस माणसांत. मी म्हणालो, पेंढारी मेले, इंग्रजांचे शिपाई फिरतात, मग पाचगावची ही बेडी आपण पायात कशाला ठेवायची? टेकडीवरच्या गावात कुसळं उगवतात आणि आमच्या रानातली ज्वारी त्यांच्या पोरांच्या पोटात जाते. आपण बाहेर पडू. आपला बाजार आपण भरवू, आपले पंच आपण नेमू, आणि सारं रान पऱ्हाटीखाली, कापसाखाली घालू. ज्वारी काय, ज्वारी विकत मिळते.

हे सगळं खोटं नव्हतं, हीच तर गोम आहे. पेंढारी खरोखर नव्हते. टेकडीवरचं गाव खरोखर घेण्यात पुढे आणि देण्यात मागे असायचं. ज्वारी त्या वर्षी खरोखर विकत मिळत होती. मी बोललो आणि माणसं गप्प झाली, कारण प्रत्येकाच्या मनात तेच होतं आणि बोलायला कोणी धजत नव्हतं.

त्यानंतर आमच्या गावात जे सुरू झालं त्याला भांडण म्हणणं कमी आहे. पेववाले आणि कापूसवाले अशी दोन गावं एका गावात झाली. भाऊ भावाच्या विहिरीवर जाईना. एक ठरलेलं लगीन मोडलं, कारण नवरदेवाचा बाप पेववाला निघाला. वडाळीच्या बाजारात इतर चार गावांची माणसं आम्हाला पाहून तोंड फिरवू लागली, आणि आम्ही त्यांना पाहून मिशीला पीळ देऊ लागलो. भजनात फूट पडली, टाळ एकीकडे आणि मृदंग दुसरीकडे. बायका पाणवठ्यावर एकमेकींचे घडे फोडत होत्या म्हणतात, ते मी पाहिलं नाही, पण खरं असावं.

जागोबाला भाषण येत नव्हतं. मी चावडीसमोर तासभर बोलायचो, हात नाचवायचो, आणि तो एका कोपऱ्यात उकिडवा बसून काडीनं माती उकरत राहायचा. मग उठायचा आणि एकच वाक्य बोलून बसायचा. "काळी पिकवते, पांढरी राखते." म्हणजे काळ्या जमिनीत पिकतं खरं, पण टिकतं ते पांढरीत. आमचं गाव सखल, नदीला लागून, दोन हात खणलं की ओल लागते. पेवाजोगी पांढरी पाच गावांत एकट्या वडाळीला होती. आम्ही त्या वाक्याला इतके वैतागलो की पोरं त्याच्यामागून ते ओरडत फिरायची. मीच त्यांना शिकवलं होतं.

एकदा मी चिडून भर सभेत विचारलं, जागोबाजी, तुम्ही आमच्या गावचे की वडाळीचे? तुमची लेक तिकडे दिलेली, म्हणून तुमचा जीव तिकडे. असं बोलायचं नसतं. तो माझ्याकडे पाहत राहिला. राग नव्हता, तेच मला सहन झालं नाही. म्हणाला, "देवराव, मी गावाचाच हाये. म्हणूनच तं भांडून राहिलो." आणि बसला. नंतर मोजणी झाली, निघायचं म्हणणारे नदीकडच्या बाजूला आणि राहायचं म्हणणारे मारुतीच्या बाजूला. मारुतीकडे जागोबाबरोबर सात घरं उभी राहिली. उरलेलं सारं गाव माझ्या बाजूला होतं. मी त्या दिवशी जेवलोसुद्धा नाही, आनंदानंच पोट भरलं.

बाहेर पडायचं तर वडाळीच्या पारावर, पाच गावांसमक्ष पडायचं होतं. पंचांत मुख्य इमामभाई पिंजारी होते. म्हातारे, पाचही गावांच्या गाद्या त्यांच्या हातच्या, आणि शब्दाला पक्के. त्यांनी आमची अडवणूक केली नाही. एवढंच म्हणाले की बापजाद्यांचा कायदा ऐकून जा. गाव गेलं तर जाऊ द्यायचं, त्याचा वाटा द्यायचा. पुढे परत यायचं म्हणालं तर घ्यायचं, दार बंद करायचं नाही. पण तोडायचा शब्द ज्याच्या तोंडून पहिला निघाला त्यानं याच पारावर उभं राहून तो बोल आपल्या माथी घ्यायचा. मग गाव आत आणि तो माणूस पाचही गावांच्या बाहेर. त्याला पाच गावांत घर नाही, विस्तव नाही, पाणी नाही. एका जिभेपायी साऱ्या गावाला उपाशी मारायचं नाही आणि जिभेलाही मोकळं सोडायचं नाही, असा तो कायदा होता. मी हसून म्हणालो, इमामभाई, परत येतंय कोण?

वाटा काढताना पुन्हा रण माजलं. आमच्या लोकांना आमची टपोरी ज्वारी हवी होती, टेकडीवरची बारकी नको. कोणी तरी म्हणालं, जागोबाला हुंगायला सांगा, तो निवडून देईल. तो पेवातून वर आला, अंगभर भुसा, ओंजळभर दाणे हातात. नाकाशी नेले आणि मान हलवली. "टाकली तवा अलग अलग होती," म्हणाला. "आता पेवाची हाये. मले नाई सांगता येत." मला वाटलं मुद्दाम करतो. आता वाटतं तो खरंच बोलत होता. आम्ही टोपल्यांनी मोजून बंड्या भरल्या आणि वाजतगाजत गावात आणल्या.

आणि मग आम्ही आमचं पेव खणलं. हा गाढवपणा आमच्याशिवाय दुसरं कोणी करणार नाही. खरं तर कणग्यांत भरून ठेवली असती तरी चाललं असतं, पण वडाळीला पेव आहे म्हणजे आम्हालाही पेव पाहिजे. गावाची शान! काळ्या जमिनीत, नदीपासून हाकेच्या अंतरावर, हलगी लावून खणलं. जागोबाला बोलावलं, तो आला. नाही म्हणेल असं वाटलं होतं, पण बिचारा तीन दिवस आत उतरून तुराट्या लावत होता, पळसाची पानं आणि कडबा थरांनी रचत होता, पांढऱ्या मातीची बंडी वडाळीहून मागवून भिंती लिंपत होता. जीव तोडून काम केलं. वर आल्यावर मला बाजूला घेऊन हळूच म्हणाला, "देवराव, मी माह्यावालं केलं. पण हे राखणार नाई. एका पावसाळ्याच्या आत उपसून घ्या." मी ते कोणाला सांगितलं नाही.

पहिलं वर्ष नुसती दिवाळी होती. गावातली सारी जमीन पऱ्हाटीखाली, ज्वारीचं एक ताट शोधून सापडायचं नाही. दुसऱ्या पावसाळ्यात नदी फुगली आणि गावात एक आंबूस वास पसरला. आधी कोणाला कळेना कसला. जागोबाला कळला. तो पेवाजवळ गेला, गुडघ्यावर बसला आणि फाडीला हात लावून तसाच राहिला. उघडलं तेव्हा आत काळा चिखल होता. साऱ्या गावाची ज्वारी कुजून गेली होती. माणसं रडत होती, शिव्या देत होती, कोणाला ते कळत नव्हतं. मी म्हाताऱ्याच्या तोंडाकडे पाहत होतो, आता म्हणेल, मी सांगितलं होतं. तो बायकांना सांगत होता की हे ढोरांनाही घालू नका, मरतील.

तरीही आम्ही म्हणत होतो, कापूस आहे ना! घराघरांत आढ्यापर्यंत कापूस. पण ती लढाई संपली होती. आमच्या बंड्या अमरावतीला गेल्या आणि भरलेल्या परत आल्या. वेसण धरायला कोणी आलं नाही. नेहमीच्या व्यापाऱ्यानं मला ओळखही दिली नाही. आणि पुढच्या वर्षी पाऊस मृगात तोंड दाखवून गेला तो आलाच नाही. ज्वारी बाजारातून नाहीशी झाली. ज्यांच्याकडे होती ते दार लावून बसले. आम्ही घरात कापसाच्या ढिगावर उपाशी बसलो होतो. कोणाला सांगून पटणार नाही, पण मऊ मऊ कापसाच्या ढिगावर लेकरं भुकेनं कण्हत होती.

तरोट्याचा रानपाला उकडून खाल्ला. तोही संपला. सरकी भाजून कुटून खाल्ली, तिनं पोटं बिघडली. आमच्या आळीतले तीन पाळणे रिकामे झाले, त्यांतला एक माझ्या धाकट्या भावाच्या घरातला. भावाची बायको माझ्यासमोर दार आपटून आत जायची. माझी आई आपल्या वाटची पेज नातवंडांना द्यायची आणि भूक नाही म्हणायची. ती त्यातच गेली.

वडाळीत पेव भरलेलं होतं. तिथल्या माणसांनी जागोबाला निरोप पाठवला की तू पेवकरी आहेस, तुला गावाचं बंधन लागत नाही, लेकीकडे येऊन राहा आणि दोन घास खा. तो गेला नाही. कौतिका स्वतः भाकरी बांधून आमच्या शिवेपर्यंत आली, ती त्यानं घेतली आणि गावात आणून लेकरांत वाटली. दुसऱ्यांदा आली तेव्हा तिला ओरडून परत पाठवलं. पेवकऱ्यानं गावाच्या आधी खाऊ नये असं त्याचं म्हणणं होतं. असा काही कायदा नव्हता, तो त्याचा त्यानंच केला होता.

शेवटी गावानं ठरवलं, परत जायचं. वडाळीला निरोप गेला, बाजाराचा दिवस ठरला. आदल्या दिवशी जागोबा माझ्या घरी आला. काठी टेकत आला, पायांत बळ नव्हतं. ओट्यावर बसला. काठी बाजूला ठेवून म्हणाला, "देवराव, उद्या तुले बोला लागते. दोन शब्द हायेत." मी म्हणालो, जागोबाजी, मी गेलो तर बायकोनं काय करायचं? लेकरं लहान. वावर कोण करील? तो म्हणाला, गाव करील, मी पाहीन. मी म्हणालो, विचार करतो. त्यानं माझ्याकडे पाहिलं. माणूस घाबरलेला आहे हे त्याला कळलं असावं, कारण त्यानं पुढे आग्रह केला नाही. माझ्या धाकटीच्या डोक्यावर हात ठेवला आणि गेला.

मी ठरवलं होतं, बोलायचं. हे खरं आहे, कोणी मानो ना मानो. वडाळीपर्यंत चालत जाताना मी ते दोन शब्द मनात घोकत होतो. पार भरला होता. पाचही गावं होती. आमची माणसं एका बाजूला मातीत बसलेली, हाडांचे सापळे, बायकांच्या कडेवर लेकरं. इमामभाई उभे राहिले. आवाज थकलेला. म्हणाले, तोडायचा शब्द ज्यानं पहिला काढला त्यानं उभं राहावं.

माझे पाय उठले नाहीत. मी माझ्या बायकोकडे पाहिलं, तिनं खाली पाहिलं. आमच्या गावातल्या एकानंही माझं नाव घेतलं नाही. भिऊन म्हणा किंवा मला लाज वाटून मी उठेन म्हणून म्हणा. आणि जागोबा काठीवर जोर देऊन उभा राहिला. "मी," म्हणाला.

जो माणूस एकीसाठी दोन वर्षं आमच्या शिव्या खात होता, मारुतीकडे सात घरं घेऊन उभा होता, तो म्हणत होता मी तोडली. इमामभाई खाली उतरून त्याच्यासमोर आले.

"जागोबा, झूट बोलून राहिला तू. पारावर झूट."

"माह्या माथी बोल घ्या, इमामभाई. पेव उघडा. लेकरं पाहा ते."

इमामभाईंनी लेकरं पाहिली. मग आमच्याकडे वळून विचारलं, दुसरं कोणी आहे? थांबले. पुन्हा विचारलं. थांबले. तिसऱ्यांदा विचारताना ते सरळ माझ्याकडे पाहत होते. मी माझ्या पायाच्या अंगठ्याकडे पाहत होतो. मग ते म्हणाले की पार इथंच आहे, दर बाजारी इथंच असेल. ज्याला हा बोल बदलून आपल्या माथी घ्यायचा असेल त्यानं केव्हाही यावं, म्हातारा मोकळा होईल. एवढं बोलून त्यांनी आमच्या गावाला आत घेतलं.

कायदा तिथूनच लागू झाला. जागोबानं पेवाची दोरी इमामभाईंच्या हातात दिली आणि चालू लागला. ऊन कडक पडलेलं. रस्ता त्याच्या लेकीच्या दारावरून जात होता. कौतिका पाण्याचा गडवा घेऊन दारात उभी होती, रडत नव्हती, नुसती उभी. त्यानं गडव्याकडे पाहिलं. त्याचे ओठ फुटलेले मला इतक्या लांबून दिसत होते. म्हणाला, "ठेव माय. मी पेलो तं पेव बंद होईन." आणि तो गेला. शिवेच्या बाहेर पळसांमागे दिसेनासा होईपर्यंत कौतिका तो गडवा तसाच धरून होती. इकडे पेवाच्या तोंडावरची फाडी सरकवत होते. दुसऱ्या दिवशी वाटप झालं, मी माझ्या घरचा वाटा डोक्यावर घेऊन घरी आलो, आणि आम्ही भाकरी खाल्ली. मीही खाल्ली, पोटभर.

पुढे तो मला एकदाच दिसला, अमरावतीला, कापसाच्या बाजारात. एका व्यापाऱ्याच्या आवारात राखणीला होता. ढिगाच्या सावलीत बसला होता, फार वाळला होता. मला वाटलं तोंड फिरवील. उलट मला पाहून त्याला इतका आनंद झाला की मी मेल्याहून मेलो. नवा पेवकरी दिवा सोडल्याशिवाय आत उतरत नाही ना, यंदा किती रान ज्वारीखाली आहे, कौतिकेचं दुसरं लेकरू मुलगा की मुलगी, सगळं विचारलं. मी म्हणालो, जागोबाजी, येत्या बाजारी मी पारावर जातो आणि सांगतो. तो म्हणाला, "जाशीन तं जा बापू. नाई गेला तं मले काई नाई. तुहे लेकरं बरे हायेत नं?" मी वचन देऊन आलो. येता बाजार गेला, त्याच्या पुढचा गेला. पेरणी होऊ दे म्हटलं. कापणी होऊ दे म्हटलं. धाकटीचं लगीन होऊ दे, बापाला पाच गावांतून काढलं तर तिला कोण करील? अहो, कारणांना काय तोटा!

मग एक दिवस बातमी आली की अमरावतीत पटकीची साथ आली आणि जागोबा तिच्यात गेला. कोणी परक्यांनी पोचवला. पाच गावांतलं कोणी खांद्याला नव्हतं.

त्यानंतर मी कौतिकेकडे गेलो. ती दारात बसून सुपात ज्वारी पाखडत होती. मी ओट्यावर बसलो आणि सांगून टाकलं. तोडायचा शब्द तुझ्या बापाचा नव्हता, बाई, माझा होता. बोलताना मला रडू आलं, आणि कुठे तरी हलकंही वाटलं, की चला, अखेर बोललो.

ती सूप थांबवून माझं सारं ऐकून घेऊन म्हणाली, "माहीत हाये, देवरावभाऊ. त्या दिशी पारावर साऱ्याइले माहीत होतं. इमामभाईनं तीनदा इचारलं ते तुमच्यासाठीच इचारलं. मी तं दर बाजाराले पारासमोर जाऊन बसो. नऊ वर्षं बसली. वाटे, आज येतीन." तिनं सुपातला एक खडा काढून टाकला. "बाबा जिता होता तवा सांगा लागत होतं. आता सांगून कोणाले वापस आणता?"

ती पुन्हा पाखडायला लागली.